मागे राहणारीचा हंगाम

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणूस एकटा असला तर अर्धा. उचल कोयत्यावर मिळते, खाडा झाला तर दंडही कोयत्यावरच बसतो. या हिशेबात माझी आई अनेक वर्षं अर्धा कोयता होती, आणि माझी आजी कुठेच नव्हती. आजी कारखान्याला जात नसे. आम्हा लेकरांना घेऊन ती मागे राहत असे. मी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि कड्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर अशाच मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नातवंडं शिकवत निवृत्त झाले. आजीला जाऊन बराच काळ लोटला. आईही आता गेली. दोघींनी जे केलं ते काम होतं, आणि ते कसं चालायचं हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं, नगरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आमची वस्ती तिथून पायी जाण्यासारख्या अंतरावर. जमीन हलकी, माळ जास्त. बाजरी, मटकी, हुलगा आणि वरून कृपा झाली तर ज्वारी. आजीचा जन्म मोगलाईतला. नगर जिल्ह्याची हद्द जवळच. तिकडे इंग्रजांचं राज्य होतं, इकडे निजामाचं. रझाकारांच्या दिवसांत हद्दीवरची माणसं रातोरात नगरकडे पळायची, आणि आजी अंगावरच्या लेकराला घेऊन तशीच गेली होती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, ती परत आली तेव्हा घराचं छप्पर गेलेलं होतं. हे ती फार सांगत नसे. सांगितलं तरी शेवटी एवढंच म्हणायची, "आलो, मग पुन्हा छप्पर घातलं."

1972 चा दुष्काळ मात्र मला स्वतःला आठवतो. मी लहान होते. आजी आणि आई दोघी खडी फोडायला जात. लोखंडी कडी हातात धरून तिच्यात दगड घ्यायचा आणि वरून हातोडी घालायची. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं, ते पुढे नीट आलंच नाही. कामावर सुकडी मिळायची, ती दोघी पदरात बांधून आमच्यासाठी आणायच्या. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटायची. दुष्काळातल्या त्या कामांचा अनुभव घेऊन पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, हे मी डी.एड.च्या पुस्तकात वाचलं. वाचताना मला आजीचा अंगठा दिसत होता.

दुष्काळ सरला तरी घर सावरलं नाही. बैल गेले होते, देणं राहिलं होतं. त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने वाढत होते आणि त्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती. वडिलांनी मुकादमाची उचल घेतली. तेव्हापासून दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आई-वडील, चुलते-चुलत्या टोळीबरोबर निघायचे, आणि कारखान्याचा पट्टा पडला की पाडव्याच्या आगेमागे परतायचे. पुढे कड्याच्या नावाचाही सहकारी साखर कारखाना झाला, पण म्हणून आमच्या भागातल्या माणसांचं जाणं थांबलं नाही.

ट्रक गेला की वस्तीवर म्हातारी माणसं, लेकरं आणि शेरडं राहत. आमच्या घरात आम्ही भावंडं आणि दोन चुलत्यांची लेकरं, सगळी आजीच्या अंगावर. वडीलधारं माणूस ती एकटीच. आजोबा आधीच गेले होते. मागे राहणं म्हणजे घराला राखण बसणं, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचा दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. संक्रांतीनंतर आड खाली जायचा आणि दोर दर आठवड्याला वाढवावा लागायचा. मग दळण, सरपण, शेरडांचा पाला, आणि कोणाच्या पायात काटा, कोणाच्या डोक्यात उवा, कोणाचा कान फुटलेला. उचलीतला मोठा भाग आधीचं देणं फेडण्यातच जायचा. उरलेले थोडे पैसे तिच्या हातात असत आणि त्यावर शिमग्यापर्यंत ओढायचं असे. कणगीतली बाजरी ती रोज एकाच मापाने काढायची. पाहुणा आला तर तिच्या ताटातली भाकर कमी व्हायची, माप बदलायचं नाही.

एका थंडीत धाकट्या चुलत भावाला रात्री जोराचा ताप भरला, झटके येऊ लागले. आजीने शेजारच्या म्हाताऱ्याला उठवून बैलगाडी जुंपायला लावली, मला बरोबर घेतलं आणि बाकीच्यांना शेजारणीच्या हवाली केलं. कड्याला डॉक्टरांचं दार वाजवलं तेव्हा अजून अंधार होता. पोर वाचलं. पुढच्या बाजारी आजीने एक शेळी विकून औषधपाण्याचे पैसे दिले. चुलत्याला कळवू का, असं मी विचारलं. मला पत्र लिहिता येत होतं. ती म्हणाली, "कळवून त्यांचा कोयता थांबंल, ताप थोडाच थांबणार हाये? तो हितं थांबवायचा." पाडव्याला चुलती परत आली तेव्हा तिला ते सगळं एकदमच कळलं. ती आजीच्या पाया पडली आणि मग खूप वेळ भांडलीही, की मला का नाही सांगितलं. आजीने दोन्ही ऐकून घेतलं.

आईचं काम कसं होतं तेही मला माहीत आहे. शाळेचं नक्की होण्याआधी मी तिच्याबरोबर फडावर गेलेली आहे, धाकट्या भावाला सांभाळायला. पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या, त्यात वाकून शिरायचं. आई पहाटे तीनला उठायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची, आणि उजाडायच्या आत फडात. वडील तोडत जायचे, ती ऊस साळून, गोळा करून मोळ्या बांधायची. ट्रक यायची वेळ ठरलेली नसे. रात्री आला तर रात्री भरायचा. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं, खाली पाट भरलेला, पायाखाली चिखल. मोळीखाली तिची मान आत गेलेली दिसायची. उसाच्या पात्यांनी हात-तोंड कापलेलं असे, त्यावर घाम लागला की चरचरायचं. पाळी असो, पोटात पोर असो, खाडा परवडत नसे. मी उसाच्या सावलीत भावाला घेऊन बसायचे आणि तिचं लुगडं कुठल्या सरीत दिसतं ते शोधत राहायचे.

या सगळ्यात एक मिळकत आईची स्वतःची होती: वाढ्याची. उसाचा हिरवा शेंडा जनावरांना घालायला आसपासचे शेतकरी विकत घेत. ते भारे बांधून विकण्याचं काम बायका करत आणि त्याचे सुटे पैसे बायकांच्याच हातात राहत. आई ते कनवटीला ठेवायची. माझी पाटी, दप्तर आणि पुढे डी.एड.ची फी, सगळ्याला त्या पैशांचा हात लागला आहे.

माझ्या शाळेचं नक्की झालं ते एका हिशेबामुळे. आईला वाटत होतं की मी हंगामाला बरोबर यावं. धाकट्याला कोण सांभाळणार? तिचं चुकीचं नव्हतं. आजी म्हणाली, धाकटाही ठेव माझ्यापाशी, पण हिला शिकू दे. दोघींचं त्यावरून बरेच दिवस जमलं नाही. मग एका पाडव्याला मुकादम हिशेब घेऊन ओसरीवर बसला. आजीने मला हाक मारली आणि म्हणाली, "वाच गं." मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. वहीत खेपा होत्या, टन होते, उचल होती आणि खाडे होते. मी वाचत गेले, तर एकच खाडा दोनदा मांडलेला. मी तारीख पुन्हा वाचली. मुकादमाने वही घेतली, पाहिली, आणि मुकाट्याने एक ओळ खोडली. पैसे फार नव्हते. पण वडील माझ्याकडे पाहत राहिले, आणि आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. त्यानंतर मला फडावर न्यायचा विषय घरात निघाला नाही. आजीला स्वतःला अक्षरओळख नव्हती. शिकल्यावर नोकरी लागते, असं काही तिच्या डोक्यात नव्हतं. घरातलं एक माणूस समोरच्याच्या वहीत काय लिहिलंय ते वाचू शकलं पाहिजे, एवढाच तिचा आग्रह होता. शिक्षणावरची पुष्कळ भाषणं मी नंतर ऐकली. शाळा कशासाठी, याचं त्याहून नेमकं उत्तर मला मिळालेलं नाही.

कड्याला अमोलक जैन संस्थेची शाळा होती. वस्तीवरच्या शाळेनंतर पुढचं शिक्षण जवळच होतं, म्हणून आमच्यासारख्या पोरींना पुढे शिकता आलं. चालत जायचं, चालत यायचं. आल्यावर आजी आधी विचारायची, "काय शिकलीस?" आणि उत्तर ऐकूनच भाकर वाढायची. तिला त्यातलं सगळं कळत नसे, पण मी सांगताना अडखळले की तिला बरोबर कळायचं.

परतण्याचे दिवस आनंदाचे असत, पण अवघडही असत. आईने फ्रॉकचं कापड आणलेलं असायचं, गूळ असायचा. आणि माझा धाकटा भाऊ तिच्याकडे जायचा नाही. आजीच्या पदराआड उभा राहून पाहायचा. आईने त्याला कधी ओढून घेतलं नाही. ती आजीशेजारी सूप घेऊन बसायची, धान्य पाखडत, त्याच्याकडे न बघता. एखाद्या दिवशी तो आपण होऊन तिच्या मांडीवर चढायचा. मी थोडी मोठी होते, मला राग यायचा. सहा महिने गेलीस कशाला, असं मनात असायचं. आईला तो राग कळत होता. तिने त्यावर कधी समजूत घातली नाही, रागावलीही नाही. तिने वाट पाहिली. आई होण्यातलं एवढं कठीण काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

नोकरी लागली तेव्हा माझ्या हजेरीपटावर तेच दिसायला लागलं. दिवाळीची सुट्टी संपली की वर्ग अर्धा होई. काही मुलं आई-बापांबरोबर गेलेली, काही मागे राहिलेली. शासनाच्या योजना येत गेल्या. साखरशाळा झाल्या, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देणं सुरू झालं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. या सगळ्याचा उपयोग झाला. पण मूल गावातच टिकवायचं तर ते ज्या घरात राहतं त्या घरातल्या म्हातारीशी बोलावं लागतं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं गेलं नाही. ते मला आधीच ठाऊक होतं.

दाखल-खारिज रजिस्टरात पालक म्हणून बापाचं नाव. तो सांगली-कोल्हापूरकडे फडात. पालकसभेची नोटीस त्याच्या नावाने निघायची आणि सभेला कोणी यायचं नाही. मी एका हंगामात आज्यांची सभा बोलावली. वेळ दुपारची ठेवली, शेरडं चरून बांधल्यावरची. आल्या त्या दाराशीच उभ्या राहिल्या. खुर्चीवर बसेनात. मग आम्ही सगळ्या शाळेच्या पडवीत सतरंजीवर बसलो. एकीने सांगितलं, पोरगी उशिरा येते कारण टँकर त्याच वेळी येतो. एकीने सांगितलं, नातू रात्री आईच्या नावाने रडतो, म्हणून सकाळी झोपलेला असतो, त्याला मारू नका. एकीला दिसत नव्हतं, मोतीबिंदू होता, आणि चूल मात्र तीच पेटवत होती. वर्षभर त्या लेकरांना शिकवून मला जे कळलं नसतं ते त्या दुपारी कळलं. पुढे टँकरची वेळ बदलून घेण्यासाठी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो, आणि मोतीबिंदूवाल्या आजीला शिबिराला पाठवलं. हजेरी वाढवायचा माझा उपाय हाच राहिला: लेकराची अडचण घरी असते, ती घरच्या माणसाला विचारायची.

हंगामी वसतिगृहं आली तेव्हा काम खरोखर हलकं झालं. शाळेतच दोन्ही वेळचं जेवण शिजायचं, संध्याकाळी अभ्यास व्हायचा, आणि आमच्याकडची बरीच मुलं झोपायला आजीकडे जायची. म्हातारीच्या कणगीवरचा भार कमी झाला आणि लेकरू तिच्या कुशीतून तुटलंही नाही. जेवणाचं अनुदान वेळेवर आलं नाही की मी आणि स्वयंपाकीण बाई दुकानातून उधारीवर किराणा आणायचो. दुकानदार विचारायचा, कोणाच्या नावावर लिहू? मी म्हणायचे, माझ्या. आजी तसंच म्हणायची.

आईचं शरीर हळूहळू झिजत गेलं. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून जायचं. चाळिशीच्या थोडं पुढे असताना एका दवाखान्यात तिला सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कर्करोग होईल. तिने उचलीतून पैसे भरून पिशवी काढली आणि पुरेसा आराम न करता पुढच्या हंगामाला गेली. तपासणी धड झाली नव्हती, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं नव्हतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मी तो आकडा आईला वाचून दाखवला. ती काही वेळाने म्हणाली, "मंजी मी एकटीच न्हवते." इतकी वर्षं तिला वाटत होतं की दोष तिच्या अंगातच होता.

आजी थकली आणि गेली. तोवर माझा भाऊ आणि वहिनी कोयत्याला जाऊ लागले होते, आणि त्यांची लेकरं आता आईच्या ओटीत आली. जन्मभर जाणारी बाई मागे राहणारी झाली. मला वाटलं होतं, तिला आता आराम मिळेल. पहिल्याच हंगामात ती वाळली. एका रविवारी मी वस्तीवर गेले तर ती दोर वळत बसली होती. म्हणाली, "तोडणी सोपी हुती गं. फडात ऊस संपला की दिसतं. हितं काय संपलं ते दिसतच न्हाई." मग थोडं थांबून, "तुझी आजी कशी करत आसंल?" आजी असताना दोघींचं फारसं बोलणं होत नसे, सासू-सुनेचं होतं तेवढंच. आजी गेल्यावर आई तिच्याविषयी रोज बोलू लागली. कणगीचं माप तिने तेच ठेवलं. लेकरं शाळेतून आली की "काय शिकलास?" हेही तेच ठेवलं.

एक गोष्ट मात्र तिने स्वतःची केली. तिने स्वतः फड पाहिला होता, म्हणून लेकरांना ती रोज रात्री सांगायची की तुमची आई आत्ता काय करत असेल. आत्ता कोपीत चूल पेटली असेल, आत्ता गाडी भरत असतील, आज थंडी आहे म्हणजे शेकोटीपाशी बसली असतील. मोबाइल आल्यावर ती कामाच्या वेळा बरोबर ओळखून फोन लावायला सांगायची, म्हणजे सुनेला निवांत बोलता येईल. त्या लेकरांना त्यांची आई परतल्यावर परकी वाटली नाही. मी ज्या रागात वाढले तो त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि तो येऊ नये म्हणूनच आई हे करत होती हे मला उशिरा उमगलं.

23 सप्टेंबर 2022 ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली. कड्याला स्टेशन झालं. 1995 मध्ये मंजूर झालेल्या मार्गाबद्दल आई कित्येक वर्षं ऐकत आली होती. मी तिला घेऊन कड्याहून नगरपर्यंत गेले. ती खिडकीशी बसली आणि सगळा वेळ रानं बघत होती. कुठे बाजरी बरी आली आहे, कुठे कांदा लावलाय, ते सांगत होती. नगरला उतरल्यावर म्हणाली, "ट्रकच्या हौद्यात बसून गेलो, तवा काहीच दिसलं न्हवतं."

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. आईने बोटांवर हिशेब केला आणि भावाला म्हणाली, औंदा खाडे कमी धरतात का ते बघ. त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. दहाव्याला वस्तीवरची अशी कितीतरी माणसं आली जी नात्याने आमची कोणी नव्हती. शेजारची म्हातारी आजारी पडली की तिची नातवंडंही आईकडेच जेवायची, ती आता मोठी झाली होती. कोणी दूध संकलनावर, कोणी एस.टी.त, एक मुलगी परिचारिका. भावाची मुलगी शिकते आहे, आणि ती कोयता हातात धरणार नाही, हे घरात ठरलेलं आहे.

ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, ग्रामसेवकाकडून नोंद होऊन ओळखपत्र मिळतं, संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. हे व्हायलाच हवं होतं. माझं मागणं त्यात एका रकान्याचं आहे. कुटुंबाची नोंद करताना विचारा: लेकरांपाशी कोण राहणार? तिचं नाव लिहा, वय लिहा, तिला दिसतं का, ऐकू येतं का ते लिहा. हंगाम सुरू होण्याआधी तिची तपासणी करा, तिचं रेशन आणि निराधार योजनेचे पैसे वेळेवर पोचतात का ते बघा, आणि तिचा फोन नंबर शाळेला द्या. कोयता तिच्या भरवशावर बाहेर पडतो. माझ्या आजीचं आणि आईचं नाव आता कोणत्या यादीत येणार नाही, पण येत्या दसऱ्यालाही ट्रक लागतील आणि प्रत्येक वस्तीवर कोणीतरी म्हातारी लेकरांना घेऊन मागे थांबेल. तिचं नाव त्याच दिवशी लिहून घेता येईल. आमच्या वस्तीवरची यादी मी करायला घेतली आहे.